खाडीच्या टोकाचे बंदर : राजापूर

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर समुद्रकाठी नाही. जैतापूरजवळ समुद्राला मिळणारी खाडी वीस-पंचवीस किलोमीटर आत शिरते आणि जिथे तिची भरती थांबते तिथे, अर्जुना व कोदवली या नद्यांच्या संगमालगत, हे गाव वसले आहे. पाठीशी अणुस्कुरा घाट. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल इथे गलबतांत चढायचा आणि गलबतांतून आलेला माल घाट चढून मलकापूर-कोल्हापूरकडे जायचा. बैल आणि गलबत यांची गाठ पडण्याची जागा म्हणून राजापूर नावारूपाला आले.

या परिसरातील माणसाचा वावर मात्र गावापेक्षा कितीतरी जुना आहे. तालुक्यातील बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ आणि कशेळी येथील कातळशिल्पे प्रागैतिहासिक काळातील मानली जातात. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातील कातळशिल्पे आली, त्यांत या ठिकाणांचा समावेश आहे. कशेळीच्या कनकादित्य मंदिराकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 चा ताम्रपट आहे.

आदिलशाहीत राजापूर हे विजापूरचे महत्त्वाचे बंदर झाले. मिरी आणि कापड यांच्या ओढीने सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. व्यापारापुरते राहिले असते तर इंग्रज सुखात राहिले असते. पण 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळा गडाला वेढा घातला, तेव्हा राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा आणि गोळे घेऊन तिथे गेला आणि इंग्रजांचे निशाण फडकावून गडावर मारा केला.

शिवाजी महाराजांनी हे लक्षात ठेवले. 1661 मध्ये राजापूर मराठ्यांच्या ताब्यात आले. वखार जप्त झाली आणि दडवलेल्या धनाच्या शोधात तिची जमीनही खणून पाहण्यात आली. रेव्हिंग्टन व त्याचे साथीदार कैद झाले आणि गडांवर ठेवले गेले. उरलेल्या कैद्यांची सुटका 1663 मध्ये झाली. नुकसानभरपाईचे घोंगडे मात्र पुढे वर्षानुवर्षे भिजत पडले. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनशी झालेल्या तहात दहा हजार होनांची भरपाई ठरली. वखार पुन्हा उघडली, पण ती फार काळ टिकली नाही.

संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1687 मध्ये याच बंदरातून इराणकडे निघाला. 1713 पासून राजापूर आंग्र्यांकडे होते. तुळाजी आंग्र्यांच्या पाडावानंतर 1756 मध्ये ते पेशव्यांकडे आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले. एकोणिसाव्या शतकात जुन्या वखारीत सरकारी कचेरी भरत असे. अरबी गलबतेही तेव्हा थेट येथे येत.

राज्ये बदलली तरी बंदर चालू होते. ते बंद पाडले गाळाने. डोंगरउतारावरची माती दर पावसाळ्यात खाडीत येत राहिली, पात्र उथळ झाले आणि मोठी गलबते धक्क्यापर्यंत पोचेनाशी झाली. पुढे माल रस्त्याने जाऊ लागला. कोकण रेल्वे आली, पण ‘राजापूर रोड’ स्थानक गावापासून दूर राहिले.

पाण्याने मात्र गाव सोडले नाही. कोदवलीवरच्या ब्रिटिशकालीन ‘सायबाच्या धरणा’चे पाणी उताराने गावात येते. जवळच उन्हाळे गावी गरम पाण्याचा झरा आहे. वरच्या टेकडीवरील चौदा कुंडांत साधारण तीन वर्षांनी गंगा ‘येते’ आणि काही महिन्यांनी ‘जाते’. अलीकडे तो क्रम अनियमित झाला आहे.

बंदर बंद पाडणारा तोच गाळ आज बाजारपेठेच्या मुळावर आला आहे. आषाढ-श्रावणात दोन्ही नद्या फुगल्या, त्यातच भरती आली, की पाणी जवाहर चौकात शिरते. नगरपरिषदेचा भोंगा वाजतो आणि व्यापारी तांदळाची पोती, कापडाचे गठ्ठे माळ्यावर चढवू लागतात. ज्या खाडीने राजापूर वसवले, तिची वाट मोकळी ठेवणे हेच या गावाच्या रक्षणाचे पहिले काम आहे. नदीपात्रातला गाळ दरवर्षी, पावसाळ्याआधी, नेमाने निघाला पाहिजे.