स्ट्राइप्ड बास: 28 ते 31 इंच

न्यू जर्सीतल्या गळवाल्या मंडळींनो, टेप जवळ ठेवा! समुद्रात स्ट्राइप्ड बास माणशी दिवसाला एकच, तोही 28 ते 31 इंचांतला. वरची ही मर्यादा 2023 मध्ये आली. लहान सोडायचा हे कुणालाही पटतं, पण मोठा का? मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. तिला तव्यावर टाकणं म्हणजे बियाणंच दळून खाणं. (मला तरी नियम रास्त वाटतो.) मोजताना मासा आडवा, तोंड मिटलेलं, शेपटीची टोकं चिमटीत जुळवलेली. आमिष लावणार असाल तर सर्कल हुकच हवा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही, म्हणून सोडलेला मासा जगतो. आणि हो, नियम अधूनमधून बदलतात, निघण्याआधी राज्याचा ताजा तक्ता बघा.