इंग्रजीतील काळ मराठी भाषकांना का चकवतात?

मेटगळ्ळी (म्हैसूर) – म्हैसूर शहराच्या वायव्येस, कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मेटगळ्ळी ही औद्योगिक वसाहत आहे. टायर उत्पादनासह अनेक उद्योग या परिसरात आहेत. जवळच्याच हेब्बाळ औद्योगिक क्षेत्रात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र असून नोकरीत नव्याने रुजू होणारे अभियंते देशभरातून तेथे येतात. त्यांत महाराष्ट्रातील तरुणांचाही समावेश असतो. उपाहारगृहात मराठी, कन्नड, तमिळ आणि हिंदी कानी पडत असली, तरी कामाचा लेखी व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीतून होतो. अशा ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला, तर परीक्षेतील एक गुण जातो एवढ्यावर भागत नाही. काही वेळा अर्थच बदलतो.

एका नोंदीचे तीन अर्थ

समजा, एखाद्या कारखान्यात पाळी बदलताना वाफेच्या व्हॉल्व्हविषयी नोंद करायची आहे. 'द व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड' असे लिहिल्यास व्हॉल्व्ह पूर्वी कधीतरी बंद केला गेला एवढेच कळते. तो आता बंद आहे किंवा नाही, हे त्यातून निश्चित होत नाही. 'हॅज बीन क्लोज्ड' असे लिहिल्यास तो बंद केला असून त्याचा परिणाम आताही कायम आहे, असे सूचित होते. 'इज बीइंग क्लोज्ड' म्हणजे काम अद्याप सुरू आहे.

नोकरीच्या अर्जाचेही तसेच आहे. 'आय वर्क्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स' असे वाचणारा अधिकारी उमेदवाराने पुण्यातील काम सोडले आहे असे गृहीत धरतो. उमेदवार अजूनही तेथेच काम करीत असेल, तर 'आय हॅव बीन वर्किंग' असे लिहावयास हवे.

मराठीची जाण आधीच आहे

हा भेद मराठी भाषकाला नवा नाही. 'व्हॉल्व्ह बंद केला आहे' आणि 'व्हॉल्व्ह बंद केला होता' या वाक्यांतील फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही समजतो. 'जातो', 'जात आहे', 'गेलो', 'गेलो आहे', 'गेलो होतो', 'जात असे' अशी विविध रूपे आपण व्याकरणाचा विचार न करता वापरतो. मग अडचण येते कोठे?

शाळेत इंग्रजीचे काळ बहुधा तक्त्यातून शिकविले जातात. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ. प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार. एकूण बारा रकाने. प्रत्येक रकान्यासमोर एक मराठी रूप लिहिलेले असते. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतो आणि पुढे मराठी रूपावरून थेट इंग्रजी रकाना गाठतो. बहुतेक वेळा हे जुळते. मात्र काही ठराविक ठिकाणी दोन्ही भाषा एकच प्रसंग वेगळ्या रीतीने मांडतात आणि नेमक्या तेथेच चुका होतात.

नेहमी चकविणाऱ्या जागा

पहिली जागा 'होतो' या शब्दाची आहे. 'मी काल बँकेत गेलो होतो' हे सहज मराठी वाक्य आहे. त्यावरून 'आय हॅड गॉन टु द बँक यस्टरडे' असे इंग्रजी केले जाते. प्रमाण इंग्रजीत येथे 'आय वेन्ट' एवढेच पुरेसे असते. 'हॅड' तेव्हा येते, जेव्हा भूतकाळातील एका घटनेच्या आधी दुसरी घटना घडलेली असते. उदाहरणार्थ, मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती.

दुसरी जागा 'आहे' या शब्दाची. 'हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे' असे मराठीत म्हणता येते. इंग्रजीत मात्र 'काल', 'गेल्या वर्षी', '२०१० मध्ये' असा संपलेला काळ वाक्यात आला, की 'हॅव' सहसा चालत नाही. 'आय रेड इट लास्ट इयर' असे म्हणावे लागते. वेळ न सांगता केवळ अनुभव सांगायचा असेल, तर 'आय हॅव रेड इट' योग्य ठरते. अमेरिकी इंग्रजीत नुकत्याच घडलेल्या गोष्टींसाठीही साधा भूतकाळ बऱ्याचदा वापरला जातो. त्यामुळे चित्रपटांतील संवाद आणि पाठ्यपुस्तकातील नियम यांत तफावत आढळल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही.

तिसरी जागा 'पासून' या शब्दाची. 'मी तीन वर्षांपासून येथे काम करतो' या वाक्यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत काम पूर्वी सुरू झाले आणि आजही चालू आहे, या दोन्ही गोष्टी क्रियापदातच दाखवाव्या लागतात : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. मराठीतील एकाच 'पासून'साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. कालावधी सांगताना 'फॉर' आणि आरंभबिंदू सांगताना 'सिन्स' वापरतात.

रूप भूतकाळाचे, गोष्ट उद्याची

क्रियापदाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतल्यास बराच गुंता सुटतो. मराठी व्याकरणपरंपरेला याची जाणीव होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपांना काळावरून नव्हे, तर प्रत्ययावरून नावे देण्याचीही पद्धत आहे. 'आला', 'गेला' ही रूपे 'लाख्यात' या नावाने ओळखली जातात.

असे नाव सोयीचे का, ते व्यवहारातील वाक्यांतून दिसते. हाक आल्यावर आपण 'आलोच' म्हणतो, तेव्हा आपण अजून निघालेलोही नसतो. 'उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही' या वाक्यात 'आला' हे रूप भूतकाळाचे असले, तरी पाऊस उद्याचा आहे. याच वाक्यासाठी इंग्रजी वर्तमानकाळाचे रूप वापरते : 'इफ इट रेन्स टुमॉरो'. येथे भविष्यकाळ आहे म्हणून 'इफ इट विल रेन' लिहिणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

मेटगळ्ळीत कानावर पडणाऱ्या कन्नडमध्येही असेच दिसते. निरोप घेताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो, तर कन्नड माणूस 'बर्तीनि' म्हणतो. दोघेही वर्तमानाच्या रूपात पुढची गोष्ट बोलत असतात. इंग्रजीतही उद्याच्या गाडीविषयी 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स' असे म्हटले जाते. किंबहुना प्रत्यय लागून तयार होणारे भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप इंग्रजी क्रियापदाला नाहीच. तेथे 'विल' किंवा 'गोइंग टु' यांचे साहाय्य घेतले जाते. म्हणूनच अनेक भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीत वर्तमान आणि भूत असे दोनच काळ मानतात.

दोष केवळ मातृभाषेचा नाही

शिकणाऱ्याची भाषा आणि शिकावयाची भाषा यांची तुलना केल्यास अडचणींचा अंदाज बांधता येतो, असे प्रतिपादन अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये केले होते. पुढील संशोधनात मात्र सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत, असे दिसून आले. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मराठीत 'मला दोन भाऊ असत आहेत' असे कोणी म्हणत नाही. ही चूक 'आयएनजी'चा नियम गरजेपेक्षा अधिक ताणल्यामुळे होते. असणे, माहीत असणे, आवडणे ही स्थितिदर्शक क्रियापदे इंग्रजीत सामान्यतः चालू काळात येत नाहीत.

भाषांच्या अशा अभ्यासात म्हैसूरचे स्थान महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था १७ जुलै १९६९ रोजी याच शहरात स्थापन झाली. मराठी मातृभाषा नसलेल्या शिक्षकांना मराठी शिकविण्याचे काम संस्थेच्या पुणे येथील केंद्रातून झाले आहे. मराठी शिकणाऱ्या कन्नड किंवा तमिळ भाषकालाही 'मी चिठ्ठी लिहिली' आणि 'मी पत्र लिहिले' यांतील क्रियापद कर्त्याप्रमाणे न बदलता कर्माप्रमाणे का बदलते, असा प्रश्न पडू शकतो. प्रत्येक भाषेची अवघड जागा निराळी असते.

तीन प्रश्न विचारावेत

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्याआधीच्या अनेक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजीचा सराव केला. भाषांतर हे साधन आजही उपयुक्त आहे. फक्त रूपाऐवजी अर्थाचे भाषांतर व्हावयास हवे.

त्यासाठी वाक्य लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेसे ठरतात. घटना केव्हा घडली हे मी निश्चित सांगत आहे काय? तसे असल्यास साधा भूतकाळ वापरावा. घटनेचा परिणाम किंवा क्रिया आतापर्यंत पोहोचली आहे काय? तसे असल्यास 'हॅव' किंवा 'हॅज' वापरावे. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखविणे आवश्यक आहे काय? तरच 'हॅड' वापरावे.

आणि व्हॉल्व्हसारख्या नोंदीत केवळ व्याकरणावर विसंबू नये. काळ अचूक लिहावाच. त्यापुढे वेळ आणि सध्याची स्थितीही लिहावी. पुढच्या पाळीवर येणारा कामगार कोणत्याही भाषेचा असला, तरी ती नोंद त्याला नेमकी कळेल.