पाणबुड्याचे सामान : आधी काय घ्यावे, काय घेऊ नये

एटापल्ली हे जंगलातले गाव. चहूकडे साग, मोह आणि तेंदू. पाणी म्हटले तर तालुक्यातून वाहणारी बांडिया नदी. समुद्र इथल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातच पाहिला. अशा गावात माझ्या बहिणीच्या मुलाने मागच्या उन्हाळ्यात जेवताना विषय काढला, "आई, मला स्कूबाचा सेट घ्यायचा आहे." बहिणीला वाटले, मोटारसायकलचा काही भाग असेल.

मुलगा एकवीस वर्षांचा. एक हंगाम मालवणच्या एका हॉटेलात कामाला होता. सुटीच्या दिवशी प्रशिक्षकाने हात धरून त्याला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली नेले. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, पण पोराच्या डोक्यात तो बसला. तिथल्या कोणीतरी सांगितले, की स्वतःचे सामान असले तर कामाला लवकर लावतात. त्यातच नागपूरला एक गृहस्थ जुना पूर्ण सेट पंचेचाळीस हजारांना विकत असल्याचे त्याला कळले. "मावशी, अर्ध्या किमतीत भेटून राहिलं," तो मला म्हणाला.

तेंदूपत्त्याचे आलेले पैसे बाजूला काढले होते. उरलेल्या रकमेसाठी बहीण बचत गटातून कर्ज काढायला निघाली. मी आरोग्यसेविका. दवाखान्यातले ऑक्सिजनचे सिलिंडर हाताळण्यात उमेदीची वर्षे गेली. मी एवढेच म्हटले, "पैसे देण्याआधी मला ते सिलिंडर पाहू दे."

त्या एका फेरीत आणि नंतर जाणकारांना विचारून जे शिकले, ते आपल्या घरांतील मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी इथे मांडत आहे. मुलांनी असे स्वप्न पाहू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कर्जाची सुरुवात चुकीच्या वस्तूपासून होऊ नये, एवढेच सांगायचे आहे.

सामानात असते तरी काय?

माणूस पाण्याखाली श्वास घेतो तो पाठीवरच्या सिलिंडरमधून. पुष्कळांचा समज असतो, की त्यात ऑक्सिजन असतो. तसे नाही. त्यात आपण रोज घेतो तीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन सुमारे सहा मीटरच्या खाली शरीराला विषासारखा बाधू शकतो. भरलेल्या सिलिंडरमधला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे शंभरपट असतो. एवढ्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येत नाही. ती गरजेपुरती आणि सोसेल अशा दाबाने देणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी ते आजच्या धर्तीवर तयार केले.

त्याखेरीज हवा भरून किंवा सोडून वर-खाली होता येईल असे जाकीट असते, त्याला बी.सी.डी. म्हणतात. उरलेली हवा दाखवणारा काटा, खोली आणि वेळ मोजणारा मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर, कमरेला शिशाची वजने, अंगात वेटसूट, डोळ्यांवर मास्क आणि पायात वल्ह्यासारखे फिन्स. एवढे सगळे मिळून सेट होतो. यातल्या काही वस्तू नवशिक्याने घ्याव्यात, काहींना हातही लावू नये.

नागपूरचा तो सेट

विकणारा माणूस गोडबोल्या होता. सामान पुसून चकचकीत केले होते. मी सिलिंडरचा खांदा पाहिला. चाचणीची तारीख तिथे धातूवर ठोकलेली असते. वरून नवा रंग मारल्याने तिथला आकडा वाचता येईना. रेग्युलेटरची नळी धातूला जोडते तिथे वाकवून पाहिली, तर रबराला बारीक चिरा. दुरुस्तीची पावती मागितली. "अहो ताई, चालू आहे, पावती कशाला?" असे उत्तर मिळाले.

दाबाखालच्या गॅसच्या सिलिंडरला आपल्या देशात २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. ते पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मान्यता नसलेले किंवा चाचणीची मुदत टळलेले सिलिंडर भरायला नियमाने मनाई आहे. म्हणजे पैसे मोजून घरी आणले, तरी ते लोखंडी ओझेच. मग एखादा पोरगा पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर हवा भरायला जातो. तसे कधीही करू नये. त्या हवेत तेलाची वाफ आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. वर न जाणवणारा विषारी अंश पाण्याखाली दाबामुळे अनेक पटींनी बाधतो.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. गाडीत पोरगा माझ्याशी बोलला नाही. आलापल्ली आली तेव्हा म्हणाला, "मग मी काय घेऊ, मावशी?"

पहिली खरेदी : मास्क

उत्तर सोपे आहे. जे चेहऱ्याला आणि पायाला नीट बसावे लागते, ते आधी स्वतःचे घ्यावे. ज्यावर श्वास अवलंबून असतो, ते सुरुवातीला प्रशिक्षण केंद्राचेच वापरावे. तिथे त्याची देखभाल होते आणि ते कसे तपासायचे हेही शिकवतात. बहुतेक ठिकाणी शिकण्याच्या फीमध्ये सामानाचा वापर धरलेला असतो. फी भरण्याआधी तसे विचारून घ्यावे.

मास्क दुकानात जाऊन, तोंडाला लावूनच घ्यावा. पट्टा डोक्यामागे न घालता मास्क चेहऱ्यावर ठेवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. गळून पडला तर किंमत कितीही असो, तो तुमचा नव्हे. कडा मऊ सिलिकॉनची असावी आणि काच टेम्पर्ड असावी. तसे काचेवर लिहिलेले असते. चष्मा असणाऱ्यांना नंबरची काच बसवलेले मास्क मिळतात.

पोहण्याचा साधा गॉगल इथे चालत नाही. तो नाक झाकत नाही. खोल जाताना मास्कच्या आतली हवा दाबली जाते, तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडावी लागते. नाही तर डोळ्यांना इजा होते. पूर्ण चेहरा झाकणारे जे मास्क हल्ली दिसतात, ते पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगण्यासाठी असतात. सिलिंडरसोबत ते वापरू नयेत.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे त्यावर वाफ धरते. आतून साधी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवावी.

मास्कच्या जोडीला साधा स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची वाकडी नळी, घ्यावी. मग फिन्स. अनवाणी पायात बुटासारखे बसणारे एक, आणि रबरी बुटावर पट्ट्याने बांधायचे दुसरे. कोणते घ्यायचे ते प्रशिक्षकाला विचारून ठरवावे. पाय दुखेल इतके घट्ट नकोत आणि निसटतील इतके सैलही नकोत. वेटसूट पुढे घेतला तरी चालेल. आपल्याकडच्या उबदार समुद्रात तीन मिलिमीटर जाडीचा सहसा पुरतो.

रेग्युलेटर, बी.सी.डी. आणि कॉम्प्युटर या महागड्या वस्तू. रेग्युलेटरची कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तपासणी करावी लागते, आणि तो खर्च दर वेळचा. शिक्षण पूर्ण होऊन नियमित काम लागेपर्यंत त्यांचा विचार करू नये. सिलिंडर तर सर्वांत शेवटी. समुद्रकाठी ते भरलेले भाड्याने मिळते. एटापल्लीत ठेवून करायचे काय?

सामानाच्या आधी दोन गोष्टी

पहिली गोष्ट पोहणे. पहिल्या दर्जाचा दाखला देणाऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत २०० मीटर पोहून आणि १० मिनिटे तरंगून दाखवावे लागते. हा दाखला १८ मीटर खोलीपर्यंतचा असतो. माझा भाचा नदीत हातपाय मारत होता, पण २०० मीटर त्याला झेपत नव्हते. नदीत एकट्याने शिकू नये. वाळू उपशाचे खड्डे आणि भोवरे वरून दिसत नाहीत. तालुक्याला सोय नसेल तर सुटीत चंद्रपूर किंवा नागपूरला नातेवाइकांकडे राहून तरणतलावात शिकावे.

दुसरी गोष्ट तब्येत. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पाण्याखाली जाऊ नये. आपल्या भागासाठी मी आणखी एक नाव घेते : सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार पुष्कळ आढळतो. अतिश्रम, थंडी, शरीरात पाणी कमी होणे, ऑक्सिजन कमी पडणे यांनी त्याच्या कळा उठतात. सिकलसेलच्या रुग्णाने स्कूबा करू नये. जो केवळ वाहक आहे, त्याने रक्ताचा अहवाल डॉक्टरांना दाखवून त्यांचा सल्ला घ्यावा. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू आहे. भाच्याची तपासणी मी स्वतः करून घेतली, मगच पुढचे बोलले.

यंत्र आपल्याला वाचवत नाही

मुले यंत्रावर भाळतात, म्हणून हे सांगते. समुद्रात दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. घाबरून श्वास रोखून कोणी वर आला, तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा : सावकाश वर यायचे, आणि साधारण पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. तिसरा : सर्दीने नाक-कान बंद असताना उतरायचे नाही. चौथा : एकट्याने कधीही उतरायचे नाही. यातला एकही नियम दुकानात विकत मिळत नाही.

शिकण्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पर्यटकाला हात धरून फिरवणे निराळे आणि दाखल्याचे शिक्षण निराळे, हे फी भरताना स्पष्ट विचारावे. पावसाळ्यात हे काम बंद असते. पोटापाण्याचे म्हणून पाहायचे तर डाइव्हमास्टर ही व्यवसायातली पहिली पायरी. वय १८ पूर्ण हवे, आणि त्याच पद्धतीत सुरुवातीला ४० व शेवटी ६० डुबक्यांची नोंद लागते. म्हणजे वाट लांबची आहे.

त्याच्या मनातले

भाच्याला हे वेड का लागले, ते मला उशिरा कळले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली. पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर बाया बुडाल्या. "मावशी, त्या आपल्या आईसारख्याच होत्या," तो म्हणाला. "पाण्यात उतरणारा माणूस आपल्या जिल्ह्याचा का नसावा?"

त्याच्या या प्रश्नापुढे मी गप्प झाले. पण खरे ते सांगितलेच. समुद्रातल्या सहलीचा दाखला म्हणजे नदीतल्या शोधकामाचे शिक्षण नव्हे. गढूळ पाणी, धार, बुडालेली झाडे यांत उतरायचे तंत्र वेगळे असते. ते काम राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नागपूर आणि धुळे येथील पथके करतात. त्या दलातले जवान राज्य राखीव पोलीस दलातून येतात. म्हणून त्या वाटेने जायचे तर पोलीस भरतीची तयारी हीसुद्धा पाणबुड्याचीच तयारी आहे.

आणि नावेत बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगात लाइफ जॅकेट असावे, हा आग्रह तर आजच धरता येतो. बुडणाऱ्याला वाचवायला न शिकलेल्याने उडी मारू नये. काठावरून दोर, बांबू, रिकामी बंद कॅन फेकावी.

बहिणीने कर्ज काढले नाही. तेंदूपत्त्याच्या पैशातून एक मास्क आला आणि उरलेले पोस्टात गेले, शिकण्याच्या फीसाठी. भाचा सध्या नागपूरला मामाकडे आहे. सकाळी तलावावर, दुपारी कामावर. परवा फोन आला, "मावशी, न थांबता दीडशे मीटर झालं."

अजून पन्नास राहिले आहेत.