तमाशातील मावशी आणि भूमिकाखेळातील दुय्यम पात्र

1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. वाटेत भेटणारी उरलेली पात्रे सूत्रधार वठवतो. खेळाडू काय बोलतील, हे त्याला आधी ठाऊक नसते. बारामती-इंदापूर परिसरातील गावजत्रांत तमाशा पाहिलेल्यांना ही अडचण आणि तिचे उत्तर, दोन्ही परिचित आहेत. गवळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवून दाण मागतो आणि त्यांच्या वतीने मावशी भांडते. ही भूमिका बहुधा पुरुष करतो. परंपरेने तिचे संवाद लिहिलेले नसतात. कृष्णाचा सवंगडी पेंद्या काय बोलेल, प्रेक्षकांतून कोणता शेरा येईल, त्यावर ते सुचतात. ठरलेले असते ते एवढेच : बाजार गाठायचा आणि दाण द्यायचे नाही. मुरका व चिरका आवाज ही तिची ओळख खरी, पण केवळ त्यावर ती उभी राहत नाही. सूत्रधार मात्र पुष्कळदा पात्राचा पूर्वेतिहास पानेच्या पाने लिहितो आणि त्या पात्राला काय हवे आहे, तेच ठरवत नाही. मग अनपेक्षित प्रश्न आला की पात्र मुके होते. शिवाय वग सुरू होण्यापूर्वी मावशी रंगमंच सोडते. सूत्रधाराच्या लाडक्या पात्रांना हे सहसा साधत नाही.