लिअरचा नकाशा, परभणीचा सातबारा

पडदा उघडतो आणि थोड्याच वेळात म्हातारा राजा नकाशा मागवतो. राज्याचे तीन वाटे करायचे आहेत. मुली तिघी आहेत, आणि जी जास्त प्रेम बोलून दाखवेल तिच्या पदरात चांगला तुकडा पडणार आहे. शेक्सपिअरने 'किंग लिअर' लिहिलं ते १६०५-०६ च्या सुमारास, लंडनमध्ये. पण हा प्रवेश परभणी जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नकाशाच्या जागी सातबारा ठेवला की झालं. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठची काळी जमीन, गुडघे दुखणारा बाप, शहाणी आणि येडी दोन्ही प्रकारची लेकरं. जिंतूर असो की गंगाखेड, तहसिलीत जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचे अर्ज येतच असतात. त्यातला प्रत्येक अर्ज शोकांतिका नसतो, हे उघड आहे. वाटणी होऊनही एका तव्यावरची भाकर खाणारी घरं पुष्कळ आहेत. लिअरच्या घराचं तसं झालं नाही, एवढंच.

मराठीत या राजाला आणायची धडपड जुनी. एकोणिसाव्या शतकात शंकर मोरो रानडे यांनी 'अतिपीडचरित' लिहून लिअरला मराठी वेष चढवला. त्याच काळात आगरकर 'हॅम्लेट'च्या मागे होते. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर त्यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, तेव्हाही हे काम त्यांच्या हाती होतं. 'विकारविलसित' १८८३ साली छापून आलं आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला राजपुत्र चंद्रसेन गाजवला. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो', साल १८९०. या सगळ्यांत नावं बदलली, पागोटी बदलली, पण राजे राजेच राहिले.

वि. वा. शिरवाडकरांनी राजा काढूनच टाकला.

गोष्ट अशी सांगतात की नानासाहेब फाटकांना लिअर करायचा होता आणि त्यांनी शिरवाडकरांकडे भाषांतर मागितलं. 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिणाऱ्या माणसाला हे अवघड नव्हतं. पण मूळ नाटक घोळवता घोळवता त्यांच्या हाती वेगळंच लागलं: राजाची भूमिका करून करून आपणच राजा असल्याच्या भ्रमात राहिलेला निवृत्त नट. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात झाला. संस्था धि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, गणपतराव बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू आणि कावेरी झाल्या शांता जोग. नायकाचं नाव गणपतराव ठेवताना चंद्रसेन गाजवणारे गणपतराव जोशी शिरवाडकरांच्या मनात नसतीलच, असं म्हणणं जड जातं.

आता रूपांतर करणाऱ्याचं खरं काम बघण्यासारखं आहे. लिअरला बायको नाही. ती केव्हाच गेलेली, नाटकात तिचा ओझरता उल्लेख तेवढा येतो. शिरवाडकरांनी बेलवलकरांना कावेरी दिली, आणि या एका पात्राने नाटक मराठी झालं. आपल्या घरात म्हातारपणाचा निर्णय बाप घेतो, पण त्याचे चटके आधी आईला बसतात. सुनेच्या स्वयंपाकघरात उठबस तिची असते, जावयाच्या दारात मान खाली तिची जाते. ताट आणि पाट यांतला फरक सांगणारी म्हण कावेरीला पाठ आहे. तिचं ऐकतं कोण? नवरा भावनेच्या भरात सगळं देऊन मोकळा झालेला. बेलवलकर कोसळतात ते कावेरी गेल्यावर. लिअरच्या डोक्यावर वीज कडाडते, इथे घरातलं माणूस उठून जातं.

दुसरा बदल जास्त धाडसाचा आहे. लिअरची धाकटी लेक कॉर्डेलिया, खरं बोलते म्हणून हाकलली गेलेली आणि शेवटी बापासाठी परत येणारी, 'नटसम्राट'मध्ये नाहीच. पोटची लेकरं दोनच, मुलगा आणि मुलगी, आणि त्या घरांत तिसरा दरवाजा नाही. कॉर्डेलियाचं काम थोडं नात ठमीकडे आणि बरंचसं बूटपॉलिश करणाऱ्या राजा नावाच्या पोराकडे गेलं आहे. रक्ताचं नातं नसलेला हा पोरगा म्हाताऱ्याला जवळ करतो. नाव 'राजा' ठेवण्यातली गंमत पहिल्या वाचनात निसटून जाते.

शिवाय शिरवाडकरांनी कुणाला राक्षस केलेलं नाही. सून शारदा वाईट नाही, तिला फक्त शांत घर हवं आहे. मुलगी नलू बापावर जीव टाकते, आणि तरीही घरातले पैसे सापडेनात तेव्हा संशय बापावरच घेते. लिअरच्या थोरल्या दोघी मुली विष घालतात, विश्वासघात करतात. त्यांचा राग करणं सोपं. नलूचा राग करायला गेलं की प्रेक्षकाला आपल्याच घरातला एखादा प्रसंग आठवतो आणि राग अर्ध्यात विरतो.

पहिल्या प्रयोगाच्या वेळी लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. पेशाने कान-नाक-घशाचे सर्जन. आफ्रिकेतली प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाल्याला फार दिवस झाले नव्हते. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा ताकदीच्या नटांनी ही भूमिका केली. १९७४ साली नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' आलं. ते खरं भाषांतर, ओळीला ओळ भिडवणारं. वाचताना थक्क व्हायला होतं. पण गावच्या गॅदरिंगमध्ये काळी घोंगडी पांघरून जे स्वगत होतं, ते लिअरचं नसतं, बेलवलकरांचं असतं.

तसं होण्याचं एक कारण परभणीकडे जवळच सापडतं. गोंधळमहर्षी राजारामबापू कदम या जिल्ह्याचे. दिवटी पेटते, संबळ तापतो, तुणतुणं सुरू होतं आणि एकच माणूस रात्रभर आख्यानातला राजा होतो, राणी होतो, दूतही होतो. शेजारचा साथीदार मध्येच खोचक प्रश्न टाकतो, हशा पिकवतो आणि कथा पुढे ढकलतो. लिअरच्या दरबारातला विदूषक नेमकं हेच करतो. ज्या प्रेक्षकाने लहानपणी घरच्या लग्नानंतर जागून गोंधळ ऐकला आहे, त्याला रिकाम्या रंगमंचावर एकटाच बोलणारा, मध्येच ऑथेल्लो आणि मध्येच हॅम्लेट होणारा म्हातारा परका वाटायचं कारण नाही. १ जानेवारी २०१६ ला महेश मांजरेकरांचा चित्रपट आला, नाना पाटेकर बेलवलकर झाले, आणि ज्यांनी नाटक कधी पाहिलं नव्हतं त्यांच्याही मोबाइलवर ती स्वगतं जाऊन बसली.

शेवट सोसण्याच्या बाबतीत आपण इंग्रजांपेक्षा घट्ट निघालो, हेही सांगायला हवं. १६८१ मध्ये नाहम टेट नावाच्या लेखकाने लिअरला जिवंत ठेवून, राज्य परत देऊन, कॉर्डेलियाचं लग्न लावून नाटक गोड केलं. इंग्लंडचा रंगमंच जवळपास दीडशे वर्षं तेच दाखवत राहिला. संस्कृत परंपरेत रंगमंचावर नायकाचा मृत्यू दाखवायचा नाही असा दंडक, भासाचं 'ऊरुभंग' हा ठळक अपवाद. त्या परंपरेतल्या मराठी प्रेक्षकाने 'एकच प्याला' पचवला आणि बेलवलकरांचा मृत्यूही.

नाटक आलं तेव्हा नसलेली एक गोष्ट मात्र आता आहे. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो. मूळ कायद्यात निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे. त्यातलं कलम २३ थेट लिअरच्या नकाशावर बोट ठेवतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर दिलेलं रद्द होऊ शकतं. अशी अट होती हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि मुलाला केलेलं बक्षीसपत्र रद्द केलं.

या हिशेबाने लिअरची बाजू तशी बळकट. त्याने भर दरबारात अट सांगितली होती: शंभर सरदारांचा लवाजमा, आणि आळीपाळीने एकेक महिना प्रत्येक मुलीकडे मुक्काम. बेलवलकर प्रांतांसमोर उभे राहिले असते तर पहिलाच प्रश्न आला असता, देताना काय ठरलं होतं? तिथे त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. हिशेब कावेरीला कळत होता, आणि कागद करताना तिला कुणी विचारलं नव्हतं.