घरगुती इमोजी आणि परक्याचा चेहरा

१९९९ साली शिगेताका कुरिता यांनी जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी १७६ इमोजी रेखाटले, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला १२ बाय १२ ठिपक्यांची चौकट आली होती. आज स्लॅक वा डिस्कॉर्डवर आपले छायाचित्र चौकोनी कापावे, नाव द्यावे, की इमोजी तयार. युनिकोडच्या दारी ताटकळण्याचे कारण नाही. साडी आणि रिक्षा यांना तेथे २०१९ पर्यंत थांबावे लागले होते!

हे स्वातंत्र्य स्वागतार्ह खरेच. परंतु युनिकोडने दिलेला संकेतांक पुन्हा काढून घेतला जात नाही, घरगुती इमोजी मात्र त्या मंचापुरते चित्र. मजकूर अन्यत्र नेला की दोन अपूर्णविरामांत अडकलेले नाव तेवढे उरते.

युनिकोड विशिष्ट व्यक्तींची चिन्हे स्वीकारीत नाही. कार्यालयीन गटांत मात्र जांभई देणाऱ्या सहकाऱ्याचाही इमोजी होतो. हसणाऱ्यांत तो स्वतःही असतो, कारण न हसणे त्याला परवडत नाही. चित्र चढविणाऱ्याने आधी त्याची संमती घ्यावी, आणि नको म्हटल्यास ते त्याच दिवशी उतरवावे. स्लॅकवर उतरविल्यानंतरही जुन्या संदेशांत नाव राहतेच. तेव्हा तेही जपूनच ठेवलेले बरे.