ताबोचा मातीचा विहार

हिमाचल प्रदेशाच्या ईशान्य कोपऱ्यातील स्पितीच्या खोऱ्यात, सुमारे ३,३०० मीटर उंचीवर, ताबो हे गाव वसले आहे. तेथील बौद्ध विहारास ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. हे बिरूद ऐकून आलेल्या प्रवाशाची प्रथमदर्शनी निराशाच होते. कारण समोर दिसतात त्या धाब्याच्या छपराच्या, नक्षीविरहित, मातकट भिंती.

दार ओलांडताच मात्र चित्र पालटते. सभामंडपात अंधार असतो. डोळे सरावले की भिंतींतून पुढे झुकलेल्या, मातीच्याच घडविलेल्या बत्तीस देवतामूर्ती हळूहळू दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती चित्रांची ओळ उलगडते. गुगे राज्याचा राजा येशे-ओद याच्या आश्रयाने इ. स. ९९६ मध्ये हा विहार उभा राहिला. पुढे सेहेचाळीस वर्षांनी त्याचा जीर्णोद्धार झाल्याचे भिंतीवरील लेखच सांगतो.

अजिंठ्याशी तुलना येथे संपते. अजिंठ्याची चित्रे सह्याद्रीच्या कातळाने सांभाळली. ताबोत कातळ नाही. कच्च्या विटा, मातीचा गिलावा आणि लाकडावर मातीचे थर दिलेले छत, एवढाच सारा आधार. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात राहिलेल्यास हे छत अनोळखी वाटणार नाही, आणि त्याची भीतीही! हजार वर्षे ते टिकले ते स्पितीच्या कोरड्या हवेमुळे. दक्षिणेची पर्वतरांग मोसमी ढग अडविते. येथे पडते ते मुख्यतः बर्फ, आणि ते छतावरून ओढून टाकता येते. पाऊस तसा काढता येत नाही. अलीकडच्या दशकांत उन्हाळी सरी वाढल्याचे गावकरी सांगतात. झिरपलेल्या पाण्याचे ओघळ चित्रांवर उतरले आहेत. मातीचा आणखी थर द्यावा, तर जुन्या तुळयांवर भार वाढतो. १९७५ च्या किन्नौर भूकंपाने या वास्तूंस हादरा दिलाच होता.

जाणाऱ्याने सिमला-किन्नौरचा मार्ग धरावा. तो लांबचा खरा. परंतु उंची क्रमाने वाढत असल्याने विरळ हवा सोसते. मनालीहून कुंझुम खिंडीवरून येणारा रस्ता हिवाळ्यात बंदच असतो. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, भिंतीस हात लावू नये, आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत निदान दहा मिनिटे तरी स्वस्थ उभे राहावे.